नजर आणि ओळंबा

"इंजिन बंद! गिअर मोकळा! ड्रायव्हरसाहेब, दोन्ही हात वर!"

कर्ण्यातून व्यवस्थापकाचा आवाज घुमला आणि रस्त्याच्या कडेला दाटीवाटीने उभे असलेले लोक एकदम गप्प झाले. निळ्या बसच्या ड्रायव्हरने पोलिसांना शरण आल्यासारखे दोन्ही हात वर केले. बस पांढऱ्या दगडापाशी उभी होती. तिच्यापुढे दोनशे फुटांचा चढ, चढाच्या टोकाला दुसरा पांढरा दगड आणि त्या दगडामागे मंचावर भारहारी महाराज.

एक क्षण काहीच झालं नाही. मग बसचं पुढचं चाक हळूच फिरलं.

"हलली! हलली गं बाई!"

"धक्का कुणी दिला का बघा!"

"अरे, मागे कोण आहे धक्का द्यायला? कुत्रंसुद्धा नाही!"

आणि खरंच, कोणीही न ढकलता, इंजिनाची घरघर नसताना, तीस माणसांनी भरलेली ती बस चढावर चढू लागली. आधी मुंगीच्या पावलांनी, मग माणसाच्या, मग पळत्या पोराच्या. बायकांनी हात जोडले. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. बस वरच्या दगडापाशी पोहोचली, ड्रायव्हरने हात खाली घेऊन ब्रेक दाबला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पाहिलंत?" महाराजांनी हात उंचावला. "सगळीकडे ही पृथ्वी आपल्याला मुठीत धरून असते. इथे, आमच्या विनंतीवरून, ती मूठ सैल करते. बस वर जाते. मग बसमधल्या देहाचा भार वर जाणार नाही? सात फेऱ्या, सात रविवार. गाठ असो, सूज असो, खडा असो, जड ते हलकं होणार, हलकं ते उडून जाणार!"

जगाचा भार हलका करणाऱ्या महाराजांना स्वतःला मंचावर चढवायला दोन माणसं लागत. काही टवाळ त्यांना हलकेबुवा म्हणत, पण हळू आवाजात.

"आणि ज्यांना शंका आहे," व्यवस्थापकाने कर्णा पुन्हा तोंडाशी धरला, "त्यांनी इकडे बघावं! हे आपले मिस्त्री! चाळीस वर्षं भिंती उभ्या करताहेत. यांच्या नजरेला ओळंबा लागत नाही. सांगा मिस्त्री, हा चढ आहे की उतार?"

शेकडो माना वळल्या. गर्दीतल्या त्या वाळक्या, उंच म्हाताऱ्याने घसा खाकरला.

"चढ आहे," मिस्त्री म्हणाले.

पुन्हा टाळ्या. पण मिस्त्रींचं लक्ष टाळ्यांकडे नव्हतं. बसच्या तिसऱ्या खिडकीत त्यांची बायको बसली होती. डोळे मिटलेले, उजवा हात पोटावर. ही तिची पाचवी फेरी होती.

तिच्या पोटात गाठ होती. वसंतात डॉक्टरबाईंनी तपासली तेव्हा लिंबाएवढी होती. गेल्या आठवड्यात संत्र्याएवढी झाली. डॉक्टरबाईंनी कागदावर गोल काढून दाखवला, पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, "येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी काढून टाकू. आत्ता ती सुटी आहे. आजूबाजूला चिकटली की माझ्याही हातात राहणार नाही. तो सोमवार चुकवू नका, पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची आहे."

बायकोने मान डोलावली होती आणि बाहेर येऊन म्हणाली होती, "तीनच फेऱ्या राहिल्यात. त्या होऊ द्या. मग बघू."

त्या दिवसापासून मिस्त्रींना एका जागी बसवेना. खुर्चीत बसले की उठत, उठले की दारात जात, दारात गेले की कशाला आलो ते विसरत. डॉक्टरबाईंचं पटत होतं. पण बस चढताना त्यांनी स्वतः पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती. सगळ्यात आधी पाहिली होती.

त्या रविवारी संध्याकाळी लेक आली. शहराच्या पाणीपुरवठ्यात ती पंपांवर नोकरी करायची. पायातले चिखलाचे बूट दाराबाहेर काढले आणि पदराआड पोट दाबून बसलेल्या आईकडे बघून तिने थेट विषय काढला.

"आई, पुढच्या सोमवारी दवाखान्यात किती वाजता निघायचंय?"

"सोमवारचं काही नाही. दोन फेऱ्या राहिल्यात."

"अगं, बस वर गेली म्हणून गाठ कशी जाईल?"

"ते मला काय ठाऊक? बस कशी जाते ते तरी कुठे ठाऊक आहे? पण जाते ना? तुझ्या बाबांनी सांगितलंय."

"मला एक सांगा," लेक बापाकडे वळली. "तिथे सगळं आपोआप वर जातं?"

"जातं," मिस्त्री म्हणाले. "पाणीसुद्धा. तिथली भिंत मी बांधली ना. घमेल्यातलं पाणी सांडलं की वरच्या दगडाकडे वाहायचं. या डोळ्यांनी पाहिलंय."

"मग मी रोज तीन पंप कशाला चालवते? विजेचं बिल बघून आमचे साहेब रोज कपाळावर हात मारतात. शहराची पाइपलाइन त्या महाराजांच्या दारावरून नेली असती तर पाणी आपल्या पायांनी टाकीत चढलं असतं. मला घरी बसवलं असतं की त्यांनी!"

मिस्त्रीणबाईंनाही हसू आलं. मिस्त्रींना आलं नाही. ते उठून खिडकीशी गेले.

"बाबा, पाणी कधी वर वाहत नाही," लेकीचा आवाज मऊ झाला. "पृथ्वी सगळ्याला आपल्या मधल्या बिंदूकडे ओढते. म्हणून तर ती गोल आहे. सगळीकडून आत ओढलं की दुसरा आकार उरतो कुठे? त्या ओढीमुळे समुद्र सांडत नाही, हवा उडून जात नाही, तुमची विटेवर वीट बसून राहते. 'खाली' म्हणजे त्या मधल्या बिंदूकडे. ही ओढ जागोजागी किंचित कमीजास्त असते, नाही असं नाही. पण इतकी किंचित की ती मोजायला नाजूक यंत्रं लागतात. तिच्याने बस काय, लिंबू चढत नाही. पाणी तिकडे वाहत असेल तर ती बाजू खाली आहे. दुसरं काही नाही."

"म्हणजे माझी नजर चुकली?"

बायकोने लगेच उत्तर दिलं. "छट्! यांची नजर? कुणाच्या दाराची चौकट बघून एक डोळा मिटतात आणि 'दोन सूत डावीकडे' म्हणतात, तर मोजल्यावर दोन सूतच भरतं. महाराजांवर माझा भरवसा असेल नसेल, यांच्या नजरेवर आहे."

मिस्त्रींना तेव्हा कळलं. बायको महाराजांच्या बसमध्ये बसलीच नव्हती. ती नवऱ्याच्या शब्दावर बसली होती.

ती भिंत त्यांना आठवू लागली. दीड वर्षापूर्वीची गोष्ट. रस्त्याच्या कडेने दोनशे फूट भिंत बांधायची होती. कामाला गेले तर व्यवस्थापकाने दोरी आधीच ताणून ठेवलेली.

"या दोरीला धरून थर लावा, मिस्त्री. आणि ओळंबा पिशवीतच राहू द्या. महाराजांची आज्ञा आहे. इथली ओढ वाकडी आहे, टांगलेलं लोखंड इथे खोटं बोलतं."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, ओळंब्याशिवाय भिंत बांधायची नाही. पण मिस्त्रींनी छाती फुगवली होती. "मला ओळंबा लागतो कुठे? माझी नजर आहे." दोरीला धरून थर लावले आणि भिंतीतले खांब थराशी गुण्या लावून काटकोनात उभे केले. खालच्या दगडापाशी भिंत आठ फूट, वरच्या दगडापाशी पाच. चढावरची भिंत अशीच असते. माथा सपाट, जमीन वर येत जाते, भिंत ठेंगणी होत जाते. त्यांना सगळं बरोबरच वाटलं होतं. नाही म्हणायला संध्याकाळी घरी गेल्यावर डोकं जड व्हायचं आणि घरच्या भिंती तिरक्या दिसायच्या. ते त्यांनी वयावर ढकललं होतं.

आणि घमेल्यातलं पाणी 'वर' वाहिलं, त्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांनीच चार लोकांना सांगितलं होतं. चाराचे चाळीस झाले, चाळीसांचे चारशे. महिन्याभरात बस आली.

सोमवारी सकाळी उजाडल्याबरोबर ते त्या रस्त्यावर हजर झाले. रस्ता रिकामा होता. गर्दी नाही, कर्णा नाही, मंचावर एक मांजर झोपलेलं. मिस्त्रींनी खिशातून ओळंबा काढला. हाताच्या घामाने काळी पडलेली दोरी, टोकाला पितळी लट्टू. आठ फुटी खांबाच्या डोक्यावर दोरी धरली आणि लट्टू खाली सोडला.

लट्टू डोलला, फिरला, थांबला. खांबाच्या पायथ्यापासून चार बोटं लांब.

चार बोटं! दोन सुतांवरून लोकांशी भांडणाऱ्या माणसाच्या खांबात चार बोटांचा झोल! दुसरा खांब. चार बोटं. तिसरा. चार बोटं. सगळे एकाच बाजूला कललेले, रांगेत उभ्या केलेल्या दारुड्यांसारखे.

"अहो मिस्त्री! ते लोखंड आधी खिशात घाला!" व्यवस्थापक दात घासता घासता फाटकातून धावत आला. तोंडात फेस होता तसाच.

"लोखंड नाही, पितळ आहे."

"काही असो. सांगितलं होतं ना, इथे ते खोटं बोलतं. ओढ वाकडी आहे."

मिस्त्रींनी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. फाटकाच्या आत, वीस पावलांवर, महाराजांची खोली होती. तीही त्यांनीच बांधलेली. आणि ती बांधताना हाच माणूस डोक्यावर उभा राहून काय म्हणाला होता? "ओळंबा नीट लावा बरं का. आधीच्या खोलीत महाराजांचा पलंग एका बाजूला घसरायचा."

ते आत गेले आणि खोलीच्या कोपऱ्याला लट्टू सोडला. दोरी कोपऱ्याला रंगवल्यासारखी चिकटून राहिली.

"पलंगाखालची ओढ सरळ," मिस्त्री म्हणाले, "आणि लोकांच्या पायाखालची वाकडी?"

व्यवस्थापकाने फेस गिळला. "श्रद्धेच्या गोष्टी आहेत. तुम्हाला कळायच्या नाहीत."

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. चार बोटं दाखवली, हवेत ओळंबा धरून दाखवला. ती शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पण ते म्हणतातच ना, तिथे ओळंबा खोटं बोलतो म्हणून?"

"अगं, आणि मग खोलीला—"

"खोली त्यांच्या कृपेत असेल. मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही काल भर सभेत चढ म्हणालात. आज उतार म्हणताय. ऑपरेशनसाठी माझं मन वळवायला म्हणत असाल." घडी तिने जरा जोरातच आपटली. "मला भीती वाटते हो. पोट फाडणार. चढ असेल तर माझं पोट वाचतं, एवढंच मला कळतं."

मिस्त्री घरभर फिरत राहिले. ओळंबा नको, पातळी दाखवणारी पाण्याची नळी नको, महाराजांच्या हद्दीत कुठलंच माप चालत नाही म्हटल्यावर मोजायचं कशाने?

तोड लेकीने काढली. "हद्द कुठून कुठे? त्या दगडापासून या दगडापर्यंत. बरोबर? मग हद्दीत पाऊलच टाकायचं नाही. टेकडीला मागून वळसा घालून जायचं. एका दगडाच्या बाहेरून सुरुवात, दुसऱ्या दगडाच्या बाहेर शेवट. बाहेरची ओढ तर महाराजांच्या मते पण सरळ आहे!"

"मी येणार," आई म्हणाली. "आकडे मी लिहिणार. तुम्ही बापलेक मिळून मला बनवाल."

मिस्त्रीणबाई पंचावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकल्या होत्या, लेकीच्याच जुन्या पाटीवर. हात अजून संथ होता, पण लिहिलेलं ठाम असे.

बुधवारी लेकीची सुटी होती. तिघं सकाळीच निघाले. वीस मीटरची पारदर्शक नळी, तिच्यात रंगीत पाणी, आणि खुणा केलेल्या दोन काठ्या. एका काठीपाशी बाप, दुसरीपाशी लेक. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येऊन थांबतं. हे गवंड्यालाही माहीत आणि पाणीवालीलाही. दोन काठ्यांवरच्या आकड्यांतला फरक म्हणजे तेवढा चढ किंवा उतार.

"किती?"

"सव्वा फूट चढ!"

"हळू सांगा, लिहितेय." मग डोकं वर करून, "पुढे!"

टेकडीमागे पायवाट होती, काटेरी झुडपं होती, एका ठिकाणी म्हशी बसल्या होत्या आणि त्या उठायला तयार नव्हत्या. मिस्त्री घाई करत, नळीत बुडबुडा शिरे, लेक ओरडे, "बाबा, थांबा! बुडबुडा आहे, पुन्हा!" त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. मध्येच पोटावर हात धरून बायको दगडावर बसली तेव्हा त्यांनी काठी टाकली.

"दुखतंय?"

"थोडं. तुमची काठी उचला. तेविसावा टप्पा आहे."

एकतीस टप्पे झाले. दुपार कलली तेव्हा ते 'वरच्या' दगडाच्या पलीकडे पोहोचले. मिस्त्रीणबाईंनी झाडाखाली वही मांडली. चढ एका बाजूला, उतार दुसऱ्या बाजूला. ओठ हलवत, बोटं मोडत बेरीज केली. पुन्हा केली. मग खालून वर केली.

"चढ अठरा फूट," त्या म्हणाल्या. "उतार सव्वाबावीस."

"म्हणजे?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"म्हणजे आपण होतो त्याहून सव्वाचार फूट खाली आलोय. म्हणजे हा वरचा दगड... खाली आहे."

टेकडीमागे एक म्हैस हंबरली.

"पण हे बाहेरून झालं," त्या वही मिटत म्हणाल्या. "रविवारी आतून मोजा. सगळ्यांसमोर. आतही सव्वाचारच भरलं तर ओढ वाकडी नाही. मग मी तुमच्याबरोबर."

"आणि नाही भरलं तर?"

"तर राहिलेल्या दोन फेऱ्या."

रविवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. बस खालच्या दगडापाशी उभी होती, मिस्त्रीणबाई तिसऱ्या खिडकीत बसल्या होत्या, वही मांडीवर. व्यवस्थापकाचा कर्णा तापला होता.

"आपले मिस्त्री आलेत! सांगा मिस्त्री, चढ की उतार?"

मिस्त्री पुढे झाले.

"गेल्या रविवारी चढ म्हणालो. ते नजरेने म्हणालो. आज मोजून सांगतो."

गर्दीत कुजबुज झाली. लेक नळी घेऊन पुढे आली. व्यवस्थापक आडवा झाला. "हद्दीत माप चालत नाही!"

"मग भिता कशाला?" गर्दीतून एक बाई म्हणाली. "चुकीचं येईल, आपण हसू."

"मोजू द्या, मोजू द्या!" मागून आवाज आले. लोकांना चमत्कार जितका आवडतो, तितकीच फजितीही आवडते. कोणाची का असेना.

मिस्त्रींनी खालच्या दगडापाशी भिंतीवर, जमिनीपासून एक वीत उंचीवर खूण केली. तिथून नळीच्या पाण्याशी पाणी जुळवत, टप्प्याटप्प्याने, बापलेक भिंतीच्या कडेने पुढे गेले. प्रत्येक टप्प्याला एक खूण. मग गेरू लावलेली दोरी खुणांवर ताणून टिचकी मारली. टप्! भिंतीवर लाल रेघ उमटली. टप्! पुढची. रेघ एका थराची विटेमागून वीट ओलांडत दुसऱ्या थरात, तिथून तिसऱ्यात चढत निघाली. खालच्या दगडापाशी घोट्याच्या वर असलेली ती रेघ पुढे गुडघ्याला आली, मग कमरेला, मग छातीला, आणि 'वरच्या' दगडापाशी पाच फुटी भिंतीच्या थेट माथ्याला टेकली.

"ही रेघ पाण्याची आहे," मिस्त्री म्हणाले. कर्ण्याची गरज पडली नाही. "तळ्यावरच्या पाण्यासारखी सपाट. तिकडे रस्ता तिच्याखाली एक वीत आहे. इकडे पाच फूट. आता तुम्हीच सांगा, रस्ता कुठे चाललाय?"

लोक बघत राहिले. आणि मग डोळ्यांचं काहीतरी झालं. रेघ बघता बघता एकदम भिंतच तिरकी दिसू लागली, खांब दारुडे झाले आणि चढ म्हणून बघत आलेला रस्ता लोकांच्या डोळ्यांदेखत खाली कलला.

"अगं आई! हा तर उतार आहे!"

"वाकडं आहे ते! भिंतच वाकडी आहे!"

"आम्हाला घेरी आली हो!"

"खोटं आहे हे!" महाराज मंचावरून गरजले. "इथली ओढ वाकडी आहे, म्हणून पाणीही वाकडं बसतं! श्रद्धेला नळी लावता?"

"बरोबर बोललात," खिडकीतून आवाज आला. मिस्त्रीणबाई उठल्या. एका हाताने पोट धरून, एका हातात वही घेऊन, त्या बसच्या पायऱ्या उतरल्या. गर्दीने वाट दिली. "महाराज, बुधवारी आम्ही तुमच्या हद्दीत पाऊल न टाकता टेकडीमागून मोजत आलो. तिथली ओढ तर सरळ ना?"

"बाहेरची? बाहेरची सरळच!"

"बाहेरून फरक भरला सव्वाचार फूट. मी स्वतः लिहिलाय." त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, आत किती भरला?"

मिस्त्रींनी टेप लावला. पाच फुटांतून एक वीत वजा. त्यांनी दोनदा बघितलं.

"सव्वाचार."

मिस्त्रीणबाईंनी वही मिटली. "आत सव्वाचार, बाहेर सव्वाचार. मग वाकडं काय आहे इथे?"

"भिंत," मिस्त्री म्हणाले. "भिंत वाकडी आहे. आणि ती मी बांधली." त्यांनी भिंतीवर हात ठेवला. "हा रस्ता साधा उतार आहे. टेकडीमुळे पलीकडचं क्षितिज दिसत नाही, म्हणून डोळा आधार शोधतो आणि भिंतीला धरतो. भिंतीचे थर रस्त्याहून जास्त उतरते आहेत. डोळा त्यांना सपाट धरून चालतो आणि रस्ता चढला असं समजतो. यांनी दोरी ताणून दिली, ओळंबा लावू नका म्हणाले, आणि मी घमेंडीत लावला नाही. पाणी तिकडे वाहताना पाहिलं, तरी पाण्याला खोटं ठरवलं आणि माझ्या नजरेला खरं. चहाच्या टपरीवर ही थाप पहिल्यांदा मारली ती मीच. माझी नजर चुकली."

बसचा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "म्हणून वर जाऊन ब्रेक दाबताना एवढा जोर लागायचा होय!"

जो हशा पिकला, त्यात महाराजांचं पुढचं वाक्य बुडून गेलं. ते म्हणत होते की संशयी लोकांमुळे आज शक्ती मावळली आहे. काही जण तरीही हात जोडून उभे राहिले, तेवढ्याने सगळ्यांचे डोळे उघडत नाहीत. पण पुष्कळ लोक रेघेपाशी गेले, वीत लावून बघू लागले. एकाने पाण्याची बाटली रस्त्यावर ओतली. पाणी 'वर' धावलं, आणि या वेळी सगळ्यांनी त्याला खाली म्हटलं.

गर्दीतून बाहेर पडताना मिस्त्रीणबाई हळूच म्हणाल्या, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं."

"काय?"

"'चुकली.' आधीच म्हणाला असतात तर पाच फेऱ्या वाचल्या असत्या." मग थोड्या वेळाने, त्यांचा दंड धरत, "उद्या किती वाजता जायचंय?"

सोमवारी दवाखान्यात मिस्त्री एका जागी बसले नाहीत. ऑपरेशनच्या दारासमोर इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी खिशातून ओळंबा काढून त्यांनी दाराच्या चौकटीला लावला.

"बाबा! बसा ना!"

"अर्धा सूत आत आहे," ते पुटपुटले आणि पुन्हा चालू लागले.

दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. गाठ सुटीच होती, पूर्ण निघाली. आणखी दोन महिने थांबलो असतो तर असं सांगता आलं नसतं, म्हणाल्या.

वाचणाऱ्यांनो, ही गोष्ट सांगायचं कारण एवढंच. पृथ्वीची ओढ कोणाच्या विनंतीवरून सैल होत नाही आणि कोणाच्या शापाने घट्ट होत नाही. टाकीतलं पाणी नळाला येतं ते तिच्यामुळे, हातातला पेला निसटला की फुटतो तोही तिच्यामुळे, आणि आपण सगळे सकाळी उठून जमिनीवर पाय टेकवतो तेही. ती राजाला वेगळी आणि भिकाऱ्याला वेगळी नाही. कोणी तुम्हाला सांगितलं की इथे ती वाकडी आहे, तर भांडू नका. एक दोरी घ्या, टोकाला दगड बांधा. मोजू देत नसतील, तर का देत नाहीत ते विचारा. आणि सांगणारा शहाणा आहे, जुना आहे, आपला नवरा आहे म्हणून मोजायचं सोडू नका. फसवणाऱ्यांना मूर्ख साक्षीदार लागत नाहीत. त्यांना तुमच्या विश्वासातला, थोडा घमेंडखोर माणूस लागतो.

संध्याकाळी मिस्त्रीणबाईंना शुद्ध आली. ओठ कोरडे, आवाज सुतासारखा बारीक. नवरा उशाशी उभा होता, अर्थातच बसलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला नर्स आली तेव्हा मिस्त्रीणबाईंनी मान वळवली, पोटाकडे बघायचा धीर होईना.

"अहो, टाके सरळ घातलेत का?"

मिस्त्रींनी सवयीने एक डोळा मिटला. "एकदम सर—" एवढं तोंडातून गेलं आणि ते थांबले. मिटलेला डोळा उघडला, खिशात हात घातला.

"थांब," ते म्हणाले. "मोजून सांगतो."